बूस्ट गेजची नळी बदलणे आणि जादा गेजांची जोडणी : कसारा घाटात कमी दाब दाखवणाऱ्या काट्याचा शोध

घाटवाट :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०११ सालची स्कॉर्पिओ आहे, २.२ लिटर डिझेल इंजिनाची. कामानिमित्त महिन्यातून तीन-चार वेळा मुंबईला जाणे होते आणि नाशिकला परतताना कसारा घाट भरल्या गाडीने चढावा लागतो. चढणीवर इंजिनाची काय अवस्था आहे हे डोळ्यांसमोर असावे, या हेतूने साडेतीन वर्षांपूर्वी मी तीन जादा गेज बसवून घेतले : टर्बोचा बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब), ऑइल प्रेशर आणि एक्झॉस्टचे तापमान. त्यांतील शेवटचे दोन विजेवर चालणारे आहेत. बूस्टचा गेज मात्र यांत्रिक आहे. इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पुढच्या पाइपावर एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवलेली आहे, तिथून बारीक नळी फायरवॉलमधून (इंजिन व केबिन यांच्यामधील पत्र्यातून) केबिनमध्ये येते आणि हवेचा दाब गेजमधील वक्र पितळी नळीला किंचित उलगडून काटा फिरवतो.

गेल्या पावसाळ्यापर्यंत हा काटा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर १.१५ बारच्या आसपास ठरलेला असे. दिवाळीनंतर तो १ बारवर आला आणि गेल्या महिन्यात ०.८ च्या पुढे जाईनासा झाला. एका गॅरेजमध्ये दाखवल्यावर टर्बो उतरवून तपासण्याचा सल्ला मिळाला. मी होकार देण्याच्या बेतात होतो. परंतु गाडीची ओढ पूर्वीसारखीच होती, काळा धूर नव्हता, चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता आणि डिझेलही जास्त लागत नव्हते. बूस्ट खरोखर एक तृतीयांशाने घटला असता तर भरल्या गाडीने घाटात ते नक्की जाणवले असते.

म्हणून पुढच्या फेरीत शेजारी बसलेल्या भावाच्या हाती ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातील आकडे वाचणारे यंत्र) जोडलेला मोबाइल दिला आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा वाटून देणाऱ्या भागातला, दाब त्याला वाचत राहायला सांगितले. त्याच चढणीवर त्याने २१२ किलोपास्कल (१०० किलोपास्कल म्हणजे १ बार) वाचले, तेव्हा गेजचा काटा ०.८ वर होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. घरी येऊन नळी उतरवली, तेव्हा टीजवळची चार-पाच इंच नळी पिवळी पडून काडीसारखी कडक झालेली आढळली आणि निपलच्या (टीच्या, नळी चढवण्याच्या तोंडाच्या) कडेला केसाएवढी चीर दिसली. फायरवॉलच्या भोकात ग्रोमेट (कडेला बसणारी रबरी कडी) नव्हता. पत्र्याच्या कडेवर घासून नळीची निम्मी जाडी गेली होती.

आता नळी पूर्ण बदलायची आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नळी कोणत्या पदार्थाची घ्यावी? सिलिकॉन, नायलॉन आणि अंबडच्या न्यूमॅटिक साहित्याच्या दुकानांत मिळणारी निळी पीयू (पॉलीयुरेथेन) नळी, असे तीन पर्याय मला सुचवले गेले आहेत. दुसरे असे की, एवढ्या बारीक चिरेमुळे काटा एवढा खाली कसा येतो? टर्बोकडून हवेचा पुरवठा तर अखंड चालू असतो.

इंदिरानगर :

माझी गाडी नवी पेट्रोल टर्बो आहे आणि मलाही बूस्ट गेज लावायचा आहे, म्हणून हा धागा लक्ष देऊन वाचतो आहे. एक शंका आहे. २१२ मधून १०० वजा केले तर १.१२ बार येते. आपला जुना आकडा १.१५ होता. म्हणजे बूस्ट थोडा तरी कमी झालाच ना?

उपकरणशाळा :

मी सातपूरच्या एका कारखान्यात उपकरण विभागात सव्वीस वर्षे प्रेशर गेज तपासण्याचे काम केले आहे. आधी इंदिरानगर यांच्या शंकेचे उत्तर देतो, कारण नाशिकमध्ये ही चूक सर्रास होते.

ओबीडीवर दिसणारा मॅनिफोल्डचा दाब हा निरपेक्ष असतो, म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेला. डॅशबोर्डवरचा गेज भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढेच दाखवतो. म्हणून वजाबाकी भोवतालच्या हवेच्या दाबाची करावी लागते. तो दाब समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल असतो, पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथे तो ९४ च्या आसपास भरतो. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवावी आणि मॅनिफोल्डचा आकडा पाहावा. तोच त्या जागेचा हवेचा दाब. २१२ वजा ९४ म्हणजे ११८ किलोपास्कल, अर्थात १.१८ बार. घाटाच्या पायथ्याशी भोवतालचा दाब थोडा जास्त आणि माथ्यावर थोडा कमी असतो, त्यामुळे दोन-तीन किलोपास्कलचा फरक चढणीवर धरून चालावे लागते. घाटवाट यांचा टर्बो ठणठणीत आहे.

आता चिरेविषयी. घाटवाट, आपल्या टीमध्ये किंवा नळीच्या तोंडाशी बारीक छिद्राचा पितळी मणी बसवलेला आहे का, ते कृपया पाहून सांगावे. माझा सगळा तर्क त्यावर उभा आहे.

घाटवाट :

आत्ताच टी उघडून पाहिली. होय, टीच्या बाजूच्या निपलमध्ये पितळेचा मणी आहे आणि त्याचे छिद्र सुईच्या टोकाएवढे आहे.

उपकरणशाळा :

मग उत्तर मिळाले. त्या मण्याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. इंजिनाच्या प्रत्येक श्वासागणिक मॅनिफोल्डमधील दाब वरखाली होत असतो आणि तो जसाच्या तसा गेजपर्यंत पोहोचला तर काटा थरथरत राहतो व आतली दातेरी चाके झिजतात. बारीक छिद्रातून हवा जाऊ दिली की काटा शांत राहतो. नळी धडधाकट असेपर्यंत या छिद्राचा वाचनावर काहीही परिणाम होत नाही, कारण नळीचे दुसरे टोक गेजमध्ये बंद झालेले असते. तिच्यातून हवा वाहत नाही, आणि हवा वाहत नसेल तर छिद्रापाशी दाबही पडत नाही.

चीर पडली की चित्र पालटते. आता हवा सतत बाहेर जाऊ लागते आणि तेवढीच हवा सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत यावी लागते. बाहेर जाण्याची वाट आणि आत येण्याची वाट जवळजवळ सारख्या मापाच्या झाल्या, तर दाब दोन्ही ठिकाणी वाटून पडतो आणि गेजच्या वाट्याला त्याचा काही भागच येतो. रिस्ट्रिक्टर नसता तर याच चिरेने काटा जेमतेमच खाली आला असता. म्हणजे टर्बोची हवा अखंड येत होती हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण ती मण्याच्या अलीकडेच अडत होती. चीर हळूहळू रुंदावत गेली म्हणून काटाही आधी १ वर आणि मग ०.८ वर आला. टर्बो बिघडल्यावर काटा इतक्या सावकाश व गाडीच्या ओढीत काहीही फरक न पडता खाली येत नाही.

मणी फेकून देऊ नये. रॉकेलात किंवा ब्रेक क्लीनरमध्ये बुडवून, हवेने फुंकून परत बसवावा. तारेने कोरून छिद्र मोठे करू नये.

नळीच्या पदार्थाविषयी माझे मत स्पष्ट आहे. पीयू नळी घेऊ नये. कारखान्याच्या सिलिंडरांना जोडण्यासाठी ती उत्तम असते, कारण ती लवचीक असते आणि पुश-फिटिंगमध्ये चटकन बसते. पण तिची उष्णता सोसण्याची मर्यादा ६० ते ८० अंशांच्या आसपास असते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंश असताना घाट चढून गाडी उभी केली, की बोनेटखालचे तापमान ती मर्यादा सहज ओलांडते. नळी मऊ पडते आणि फिटिंगमधून निसटते. गेजसोबत खोक्यात येणारी पारदर्शक पीव्हीसी नळी याहून वाईट. आपली पिवळी पडलेली नळी बहुधा तीच आहे.

सिलिकॉन उष्णता छान सोसते, १८० अंशांपर्यंत चिंता नसते. पण डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये क्रँककेसमधून (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागातून) येणारी तेलाची वाफ असते आणि साधे सिलिकॉन तेलाने फुगते व मऊ होते. शिवाय त्याला धारदार कडेचा एक ओरखडा जरी पडला, तरी तिथून ते फाटत जाते. त्यामुळे डिझेलसाठी माझी पसंती ट्रकच्या एअर ब्रेकला वापरतात त्या जातीच्या काळ्या नायलॉन नळीला आहे. बाहेरून ४ मिलिमीटरची पुरते. ती तेलाला दाद देत नाही आणि बोनेटखालची उष्णता सोसते. तिचा दोष एकच, तो म्हणजे तीव्र वळण दिले की तिला मुरड पडते आणि ती मुरड पुन्हा सरळ होत नाही. वळण तळहाताएवढे रुंद ठेवावे.

निपलवर नायलॉन चढवताना टोक मिनिटभर उकळत्या पाण्यात धरावे आणि गरम असतानाच सरळ ढकलावे. थंड झाल्यावर ते निपलला घट्ट धरते. लायटरने तापवू नये, कारण नळीची भिंत एका बाजूने पातळ होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथेच फुटते. फेरूलवाले (नळीवर दाबून बसणाऱ्या धातूच्या कडीचे) फिटिंग मिळाले तर अधिक चांगले, मात्र फेरूल एकदा दाबली गेली की नळीसोबत नवीच वापरावी.

निफाड पिकअप :

माझा अनुभव सांगणे गरजेचे वाटते, कारण त्यात माझ्या इंजिनाचे नुकसान थोडक्यात टळले. माझी पिकअप द्राक्षाच्या हंगामात क्रेट घेऊन पिंपळगाव बसवंतला आणि पुढे वाशीला जाते. टर्बो जुन्या पद्धतीचा, वेस्टगेटचा (एक्झॉस्टचा वायू बाजूने सोडून टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) आहे. गेज बसवणाऱ्याने सोपी जागा म्हणून वेस्टगेटच्या डब्याला जाणारी नळीच कापली आणि तिथे टी घातली. चार महिने सगळे व्यवस्थित होते. मग एका रात्री चांदवडजवळच्या राहुड घाटात टीवरची नळी निसटली. गेज शून्यावर गेला, पण गाडी मात्र नेहमीपेक्षा जास्त जोराने ओढू लागली आणि थोड्याच वेळात इंटरकूलरचा होज क्लॅम्पमधून सुटून मोठा आवाज झाला.

नंतर कारण कळले. वेस्टगेट उघडण्यासाठी त्या डब्यापर्यंत दाब पोहोचावा लागतो. नळी निसटल्यामुळे तो पोहोचलाच नाही, वेस्टगेट बंद राहिले आणि टर्बोला आवर उरला नाही. होज सुटला म्हणून मी वाचलो, नाहीतर तो ताण इंजिनाने घेतला असता. वेस्टगेटच्या नळीला कोणीही टी घालू देऊ नये, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

उपकरणशाळा :

निफाडकर भाऊंनी फार मोलाची गोष्ट सांगितली. तिला एक जोड देतो. अलीकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत टर्बोची पाती फिरवणारा डबा व्हॅक्यूमवर चालतो आणि त्या नळ्या व्हॅक्यूम पंपाकडून येतात. त्याच पंपावर ब्रेक बूस्टरही अवलंबून असतो. घाईत तिथे टी घातली, तर गेज निरुपयोगी ठरतोच, शिवाय ती नळी फाटल्यास ब्रेक पेडल कडक होऊ शकते. ओळखण्याची खूण सोपी आहे. डिझेल गाडी नुसती चालू करून उभी असताना बूस्ट गेजचा काटा शून्याच्या बराच खाली जात असेल, तर नळी चुकीच्या जागी जोडलेली आहे असे समजून गाडी तिथेच बंद करावी.

योग्य जागा म्हणजे इंटरकूलर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधील पाइप किंवा मॅनिफोल्डवरील मोकळे निपल. टी पाइपाच्या वरच्या अंगाला असावी आणि नळी तिथून गेजकडे चढत जावी, म्हणजे तेलाचे थेंब परत खाली ओघळतात. मध्ये खोलगट झोळ राहिला तर तिथे तेल साठते आणि काटा आळसावतो, पेडल सोडल्यावरही सावकाश खाली येतो.

इंदिरानगर :

पेट्रोल टर्बोमध्येही हीच नळी आणि हीच जागा चालेल का? आणि दुसरे, मला गेज विंडशील्डच्या बाजूच्या खांबावर, छोट्या गोल घरात बसवायचा आहे, कारण तिथे तो नजरेसमोर राहतो.

विद्युतसंच :

मी द्वारका परिसरात ऑटो इलेक्ट्रिकचे काम करतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपल्या गाडीत कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल, तर त्या खांबावर काहीही बसवू नका. खांबाच्या प्लास्टिकवर एसआरएस किंवा एअरबॅग अशी अक्षरे कोरलेली असतात, ती पाहा. एअरबॅग उघडताना ते प्लास्टिक बाजूला सरकावे अशी रचना केलेली असते आणि त्यावर स्क्रूने बसवलेला गेज त्या क्षणी थेट चेहऱ्याकडे फेकला जातो. स्टीअरिंग कॉलमच्या उजवीकडे खाली किंवा मधल्या एसी व्हेंटच्या जागी गेज बसवा. तिथे नजर थोडी जास्त वळवावी लागेल, तेवढे चालते. डॅश उघडताना बॅटरीचे निगेटिव्ह काढून किमान दहा मिनिटे थांबा आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका.

पेट्रोलविषयी एवढे सांगतो की, थ्रॉटलच्या पुढचा दाब हवा असेल तर मॅनिफोल्डवरूनच घ्यावा लागतो. आयडलला तिथे व्हॅक्यूम असतो, त्यामुळे गेज उणे बाजू दाखवणारा हवा. नळीला चीर पडली तर तिथून न मोजलेली हवा इंजिनात शिरते आणि आयडल वरखाली होऊ लागते.

वायरिंगबाबत माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत तीच ती चूक दिसते. म्युझिक सिस्टिमची वायर सोलून तिथूनच गेजला वीज दिलेली असते आणि वर टेप गुंडाळलेला असतो. कृपया असे करू नका. फ्यूज बॉक्समध्ये चावी फिरवल्यावरच वीज येणारी जागा टेस्टरने शोधा, तिथे फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढणारा जोड) लावा आणि गेजसाठी स्वतंत्र २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज ठेवा. गेजच्या प्रकाशाची वायर पार्किंग लाइटला जोडली की रात्री तो आपोआप लागतो. अर्थिंग डॅशच्या मागच्या मूळ बोल्टवर द्या, रंग खरवडून पत्रा उघडा करा. सगळ्या गेजांचे अर्थिंग एकाच बोल्टवर आणले तर त्यांच्या आकड्यांत तफावत येत नाही.

घाटवाट, आपला ऑइल प्रेशरचा सेंडर (तेलाचा दाब मोजून गेजला विजेने कळवणारा भाग) इंजिनाला लावलेल्या टीवर थेट लोंबकळत आहे का, ते आता नळीच्या कामात पाहून घ्या. सेंडर वजनदार असतो, इंजिन थरथरत असते आणि पितळी टीची मान काही वर्षांत तुटते. मान तुटली की इंजिनातले तेल काही मिनिटांत रस्त्यावर जाते. सेंडर जाळीच्या लवचीक होजने लांब नेऊन बॉडीला घट्ट बसवा. एका वायरचा सेंडर असेल तर त्याला वेगळे अर्थिंग द्यावे लागेल, कारण आधी ते इंजिनाच्या आट्यांतून मिळत होते. याच कारणाने आट्यांवर टेफ्लॉन टेपचे ढीगभर वेढे देऊ नयेत. आणि आटे न तपासता सेंडर बळाने आवळू नका. एनपीटी आणि बीएसपीटी ही आट्यांची दोन वेगळी प्रमाणे आहेत; १/८ एनपीटीला इंचाला २७ आटे असतात आणि १/८ बीएसपीटीला २८. दोन-तीन फेरे दोन्ही एकमेकांत जातात, म्हणून जुळले असे वाटते, आणि मग इंजिन ब्लॉकचे आटे जातात.

घाटवाट :

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी काम पूर्ण केले आणि काल मुंबईहून परतलो, म्हणून आज सविस्तर लिहितो.

४ मिलिमीटरची काळी नायलॉन नळी घेतली. एकूण लांबी सव्वादोन मीटर भरली. जुन्या नळीने टर्बोच्या एक्झॉस्ट बाजूवरून जवळचा मार्ग काढला होता आणि ती कडक होण्याचे खरे कारण तेच असावे. नवी नळी बॅटरीच्या बाजूने, मूळ वायरिंगच्या सोबत नेली आणि एक्झॉस्टपासून सर्वत्र वीतभर तरी अंतर राखले. केबल टाय नळी आपल्या जागी हलू शकेल इतपतच आवळले, कारण जास्त आवळल्यास नळी तिथे चिमटली जाते. फायरवॉलच्या भोकाची कड कानसेने गुळगुळीत करून गंजरोधक रंग लावला, रबरी ग्रोमेट बसवला आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून कडेने आरटीव्ही सीलंट दिले. मणी रॉकेलात रात्रभर ठेवला होता, त्यातून काळा चिकट थर निघाला.

गाडी चालू करण्याआधी सायकलच्या पंपाने टीच्या टोकाकडून १ बार दाब भरला आणि सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी लावले. गेजच्या मागच्या जोडाला अगदी लहान बुडबुडे आले. तो जोड पाव फेरा आवळल्यावर काटा दहा मिनिटे जागचा हलला नाही.

विद्युतसंच यांनी सांगितल्यावर ऑइल सेंडर पाहिला. तो टीवर लोंबकळत होता आणि टीच्या मानेभोवती तेलाची ओल होती. कापडाने पुसून पुन्हा इंजिन चालवले तेव्हा ओल परत आली. टी काढल्यावर मानेच्या आट्यांच्या मुळाशी अर्ध्या घेरापर्यंत तडा गेलेला दिसला. मी बूस्टच्या काट्यामागे लागलो नसतो तर हा तडा मला दिसला नसता. सेंडर आता जाळीच्या होजने लांब, इनर फेंडरच्या पत्र्यावर बसवला आहे आणि त्याला स्वतंत्र अर्थिंग दिले आहे.

काल संध्याकाळी कसारा घाटात गाडीत चार माणसे आणि सामान होते. त्याच चढणीवर, तिसऱ्या गिअरमध्ये भावाने २११ वाचले आणि काटा १.१५ व १.२ च्या मध्ये उभा होता.

निफाड पिकअप :

वाचून समाधान वाटले. सव्वादोन मीटर नळी एकसंध टाकली, की मध्ये कुठे जोड दिला? आणि गेज बदलायचा झाल्यास फायरवॉलमधून नळी पुन्हा ओढावी लागू नये, यासाठी काही सोय ठेवली आहे का?

घाटवाट :

नळी एकसंध आहे, मध्ये जोड नाही. गेजच्या मागे डॅशमध्ये रुंद वळणाचा एक वेढा जादा ठेवला आहे, साधारण वीस सेंटिमीटरचा, म्हणजे गेज बाहेर ओढून मागचा जोड हाताशी घेता येतो आणि टोक कडक झाल्यास तेवढे कापून पुन्हा बसवता येते. टीच्या बाजूलाही तेवढीच जादा नळी आहे. दर दिवाळीपूर्वी दोन्ही टोके उघडून पाहणार आहे आणि त्याच वेळी इंजिन बंद ठेवून काटा शून्यावर येतो का, हेही तपासणार आहे.